थांबला काय गो?

बाबांना जुन्या लॅपटॉपसमोर बसवलं की पंधरा-वीस मिनिटांत ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. २०२२च्या गणपतीत भाचीने मोबाइलवर घेतलेली आमच्या वाडीची जाखडी मी एडिटिंगला घेतली होती. चित्र दोन पावलं नाचायचं आणि गोठायचं. ढोलकी पुढे निघून जायची, नाचणाऱ्यांचे पाय मागे राहायचे. "थांबला काय गो?" बाबा विचारायचे. मी यंत्राशी झटापट करेपर्यंत त्यांच्या ओठांवर आलेलं नाव विरून जायचं.

ती नावं मला हवी आहेत. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळात बाबांनी तीस वर्षं ढोलकी वाजवली. २००४ ते २००९पर्यंतच्या चौदा मिनी डीव्ही टेप कपाटात आहेत, त्यानंतरचं सगळं घरातल्या वेगवेगळ्या मोबाइलांवर. टेपमधली निम्मी माणसं आता नाहीत. फेरात कोण कुणाच्या मागे नाचतोय हे सांगू शकणारे बाबाच उरलेत. म्हणून दिवाळीनंतर ठरवलं, तासाभराची एक फिल्म करायची आणि त्यासाठी टेबलावर ठेवायचा कॉम्प्युटर घ्यायचा. तोही तयार. सुटे भाग जमवून करवून घेतला तर त्याच पैशांत जास्त मिळतं, हे ठाऊक आहे. पण डोंबिवलीच्या घरात दिवसभर बाबा एकटे असतात. बिघडला तर एका नंबरवर फोन करावा आणि माणूस घरी यावा. कुठला भाग कुणाच्या वॉरंटीत, हा वाद त्यांच्या वाट्याला येऊ नये.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात शिरले. पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह होता. त्यात दोनच फाइली: भाचीच्या आयफोनवरची फोर-के जाखडी आणि तीच जाखडी दुसऱ्या बाजूने घेतलेली, भावाच्या फोनवरची. घरच्या एडिटिंगसाठी यंत्र घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एवढंच सांगेन, की आपली सगळ्यात जड फाइल सोबत न्या आणि दुकानातच ती एडिटिंगच्या पट्टीवर टाकून मागे-पुढे ओढून बघा. फिल्म तयार होऊन बाहेर पडायला किती वेळ लागतो, याच्या जाहिराती पुष्कळ असतात. तो वेळ रात्रीचा असतो. यंत्र लावून झोपता येतं. खरं काम त्याआधीचं, माणूस समोर बसून बघत असतानाचं.

मोबाइलची फाइल एवढी जड का, हे कळलं की पुढची निवड सोपी होते. नवे फोन एचईव्हीसी पद्धतीने व्हिडिओ साठवतात. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण ठेवलेलं नसतं. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या कित्येक चित्रांत फक्त काय हललं त्याची नोंद. म्हणून आयफोनवर फोर-केचं एक मिनिट साधारण १७० एमबीत मावतं. सरळ बघत गेलं तर काही अडत नाही. पण एडिटिंगमध्ये आपण मधेच उडी मारतो, मागे येतो, एकच गिरकी चारदा बघतो. दर उडीला यंत्राला आधीचं पूर्ण चित्र शोधून तिथपासून सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हा हिशेब करणारा खास भाग प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात असेल, तर काम हलकं होतं. नसेल, तर चित्र गोठतं.

पहिल्या दुकानात वीस हजारांच्या आत ‘आय सेव्हन’ दाखवला. ऑफिसमधून निघालेला, पुसून लख्ख केलेला. स्टिकर खरा होता, पण प्रोसेसर चौथ्या पिढीचा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आमच्या आयफोनच्या दहा-बिटी एचईव्हीसीचा खास भाग सातव्या पिढीपासून आला. शिवाय विंडोज ११ला आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आय फाइव्ह, आय सेव्हन या आकड्यांपेक्षा त्यापुढच्या चार-पाच आकड्यांकडे बघायला हवं. पिढी त्यात असते.

दुसऱ्या दुकानात तयार करून ठेवलेला टॉवर होता, काचेतून दिवे दिसणारा. प्रोसेसर नवा, पण नावाच्या शेवटी एफ. एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा तो खास भागही नसतो. सगळी भिस्त कार्डावर, आणि कार्ड होतं अगदी जुन्या पिढीचं, पडद्यावर चित्र आणण्यापुरतं. दुकानदाराने पेन ड्राइव्ह लावू दिला, याबद्दल त्यांचे आभारच मानले. फाइल उघडली, दोन पावलं नाचली आणि थांबली.

मॅक मिनीवर मन बराच वेळ अडलं होतं. २०२४च्या एम-फोर मॉडेलची भारतातली किंमत ५९,९०० रुपयांपासून सुरू झाली. १६ जीबी मेमरी, तळहाताएवढा डबा. माझी फाइल त्यावर लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. सगळं काम मोबाइलवरचंच असतं, तर तिथेच पैसे मोजले असते. पण त्यातली मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि आत कार्ड बसवायला जागा नाही. आमच्या टेप तर जुन्या हँडिकॅममधून फायरवायरच्या वायरीनेच बाहेर येतात. नव्या कॉम्प्युटरला त्या वायरीचं भोक नसतं, त्यासाठी कार्ड बसवावं लागतं.

शेवटी एका नावाजलेल्या कंपनीचा पूर्ण उंचीचा टॉवर घेतला. प्रोसेसर आय फाइव्ह १४४००, एफ नसलेला. दुकानदाराला विनंती करून बाजूचं झाकण काढायला लावलं आणि हे मी आग्रहाने लिहिते आहे: झाकण उघडल्याशिवाय तयार यंत्र घेऊ नये. आत मेमरीच्या दोन खाचा होत्या, त्यातली एक रिकामी. अशा यंत्रात बहुधा एकच पट्टी लावून देतात. सारख्या दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो, आणि ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर तेही त्याच मेमरीवर जगतं. तिथल्या तिथे दुसरी पट्टी घालून १६ची ३२ जीबी केली.

मग एसएमपीएसवरचा, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, कागद वाचला: ३०० वॅट. अशा टॉवरांत पुष्कळदा १८० वॅटचाही असतो, आणि त्याचा प्लग कंपनीच्या खास घडणीचा असला तर बाजारातला मोठा एसएमपीएस त्याजागी बसत नाही. मोठं ग्राफिक्स कार्ड नंतर बघू, हे म्हणणं तिथेच संपतं. मी आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीचं कार्ड निवडलं, कारण ते ७० वॅटवर चालतं आणि मदरबोर्डची खाच ७५ वॅटपर्यंत देते. वेगळी वायर लागत नाही. रात्रीच्या अंगणातलं एका बल्बच्या उजेडातलं चित्रण दाणेदार असतं. ते दाणे पुसताना हे कार्ड कामाला येतं. त्याच्याखाली एक छोटी खाच मोकळी राहिली. ती फायरवायरची.

डिस्कचं गणित घरीच केलं होतं. मिनी डीव्हीचा एक तास सुमारे १३ जीबी, चौदा टेपचे १८० जीबी. मोबाइलवरचं जमवून सहाशेच्या आसपास. चालू कामासाठी एक टीबीची एसएसडी, आणि सगळ्याची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती प्रत भावाच्या घरी राहते. यूपीएसही त्याच दिवशी घेतला. लॅपटॉपला बॅटरी असते, याला नाही. वीज गेली तर काम सेव्ह करून बंद करण्याइतकी चार-पाच मिनिटं हवीतच.

घरी आल्यावर लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन मोबाइलांची चित्रं शेजारी लावली, तर सुरुवातीला जुळणारी ढोलकी दहाव्या मिनिटाला पायांपासून सुटायची. मी यंत्रालाच दोष देत होते. मोबाइल सेकंदाला ठरलेली तीस चित्रं घेतोच असं नाही, उजेड कमी झाला की कमी-जास्त करतो. आधी फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ठरावीक वेगाची करून घेतली, तेव्हा चाळ आणि थाप पुन्हा एका ठिकाणी आली. टेपची तऱ्हा वेगळी. त्यातलं प्रत्येक चित्र अर्ध्या-अर्ध्या रेघांनी घेतलेलं असतं, म्हणून जोराच्या गिरकीत नाचणाऱ्यांच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटतात. त्यावर उपाय आहे, पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी तो आपणच सांगावा लागतो.

टेप उतरवायला घाई चालत नाही. तासाच्या टेपला तासच लागतो. कोकणातल्या दमट हवेने दोन टेपवर बुरशी आली आहे, त्या मी अजून कॅमेऱ्यात घातलेल्या नाहीत. बाकीच्यांतली पाचवी परवा रात्री उतरवली. २००६ सालची. मध्ये गाणारे, वाजवणारे, भोवती फेर. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. चित्र अडखळलं नाही. तिसऱ्या फेरीला पाठमोरा एक जण समोरून गेला आणि बाबांनी हात वर केला.

"थांबव गो जरा."

मी थांबवलं. चेहरा दिसत नव्हता, तरी पाय टाकण्यावरून त्यांनी ओळखला. आधी नाव सांगितलं, मग वाडीत त्याला काय म्हणत ते, मग घर कुठलं. मी वहीत लिहून घेतलं. "आता जरा मागे घे," ते म्हणाले, "त्याच्या पुढचा त्याचा भाऊस असणार."