गोठ्यात कालवड हवी, घरात मात्र मुलगा?

गेल्या आठवड्यात रेवदंड्याकडचं एक जोडपं दवाखान्यात आलं. त्यांना दोन मुली आहेत. नवऱ्याने नुकतंच गाईला कालवडीसाठीचं कृत्रिम रेतन करून घेतलं होतं. त्याने विचारलं, "डॉक्टर, गाईला जमतं, मग आम्हाला मुलगा का नाही?" बायको मान खाली घालून बसली होती.

आधी शास्त्र समजून घेऊ. वळूच्या वीर्यात एक्स आणि वाय असे दोन प्रकारचे शुक्राणू असतात. एक्स शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. चमकणारा रंग देऊन त्यावर लेसर टाकला की एक्स अधिक उजळ दिसतो आणि यंत्र तो वेगळा काढतं. अशा रेतनातून गाय गाभण राहिली, तर कालवड होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. मात्र गाभण राहण्याचं प्रमाण साध्या रेतनापेक्षा कमी असतं.

गोऱ्ह्याला आता नांगराचं काम उरलं नाही आणि कालवड पुढे दूध देते. शेतकऱ्याचा हिशेब रास्त आहे.

माणसाचे शुक्राणूही वेगळे करता येतात, हे मी लपवणार नाही. पण आपल्या देशात तो गुन्हा आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्यात २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली. करणारा डॉक्टर आणि मागणारं कुटुंब, दोघांनाही तुरुंगवास होऊ शकतो. बाईवर घरच्यांनी दबाव आणला असंच कायदा गृहीत धरतो.

काही जण म्हणतात, "यात गर्भ पाडायचा नाही, मग बिघडलं कुठे?" बिघडलं ते इथे: बाप मुलाची 'ऑर्डर' द्यायला निघतो, तेव्हा घरातल्या दोन मुलींना आपण नको होतो, हे कळतं. ते दुखणं कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाही.

आणि सासूबाई, तुमच्यासाठी एक गोष्ट. एक्स की वाय, हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं. गोठ्यात हे तुम्हाला पटतं, म्हणून तर तुम्ही वीर्य निवडता, गाईला बोल लावत नाही. मग सुनेला का लावता?

त्या जोडप्याला मी एवढंच सांगितलं: पुढच्या वेळी मुलींना घेऊन या, दोघींचं हिमोग्लोबिन तपासू.