नास्तिक होणे सोपे आहे काय?

सुरतेस कापडाच्या पेढीवर नोकरीस असलेला एक तरुण सुट्टीत गावी आला आणि रविवारी मिस्साला आला नाही. त्याच्या वडिलांनी आमच्याकडे गाऱ्हाणे आणले. "फादर, पोराने सोपी वाट धरली. उपास नको, प्रार्थना नको, कुमसार नको. देव नाही म्हटले की झाले!" पुढे मुलाचीही गाठ पडली. तो शांतपणे म्हणाला, "सोपे बाबांचे आहे, फादर. सातबाऱ्यावर जमीन आली तसा धर्मही त्यांच्याकडे वारसाने आला. विचार करावा लागलाच नाही."

बाप म्हणतो नास्तिकता हलकी, लेक म्हणतो श्रद्धा हलकी. आमच्या अनेक कुटुंबांत आज हा वाद, बोलून वा न बोलता, चालू आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करणे अगत्याचे वाटते.

ज्या शहरातून हा तरुण आला त्या सुरतेलाच हा प्रश्न नवा नाही. मराठी भाषेचे व्याकरण लिहून कीर्ती मिळविलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर एके काळी तेथील इंग्रजी शाळेत शिक्षक होते. सन १८४४ मध्ये दुर्गाराम मंछाराम मेहता या गुजराती शिक्षकाने, दादोबा व आणखी काही मित्र यांच्यासह, सुरतेत मानवधर्म सभा स्थापिली. ईश्वर एक आणि सर्व मानवांची जात एक, असे ही मंडळी सांगत. दुर्गाराम तर मांत्रिकांना उघड आव्हान देत, की तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर ते आम्हांस दाखवा. ही माणसे नास्तिक नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी मूर्ती सोडली, मंत्रतंत्र सोडले. ईश्वर सोडला नाही. तरीही १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, काही वर्षांनी दुर्गारामही काठियावाडात गेले, आणि सभा मावळली.

मुंबईत १८४९ मध्ये दादोबांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली, ती मात्र गुप्त. सभासद होणाऱ्याने सर्वांसमक्ष पाव खावयाचा, म्हणजे त्याने जातिबंधन तोडले असे ठरे. आपल्या घरी पाववाला रोज सायकलवरून पाव टाकून जातो. त्या काळी तो खावयास दार लावून बसावे लागत असे! १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली, आणि सभा पांगली. बहिष्काराची भीती भल्याभल्यांना पेलली नाही.

देव न सोडता नुसती रूढी सोडू पाहणाऱ्यांची ही अवस्था. मग देवाविषयीच शंका घेणाऱ्यांचे काय? गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण मराठी माणसास सांगावयास नको. ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीस सिद्ध करता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांनी 'सुधारका'तून लपविली नाही. पुण्यातील लोकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेला हा विद्वान १८९५ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्याने पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. आपल्या काळातील डॉक्टर नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, तथापि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीत श्रद्धावंतांनाही जागा होती. दुर्गाराम मेहतांचेच आव्हान त्यांनी महाराष्ट्रात गावोगाव नेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास गेले असता त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अशा माणसांनी सोपी वाट धरली असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

येथे कोणी म्हणेल, ही माणसे उतारवयात परत येतात. सुरतेचाच कवी नर्मद पाहा. तरुणपणी महाराजांशी विधवाविवाहावर वाद घालणारा हा बंडखोर पुढे जुन्या धर्माकडे वळला, आणि १८८५ मध्ये त्याचा 'धर्मविचार' प्रसिद्ध झाला. धर्मगुरूंना असे दाखले आवडतात. आम्हांसही आवडतात. परंतु नर्मदास नास्तिक म्हणणे योग्य नव्हे, आणि थकलेला मनुष्य आपल्या अंगणात येऊन बसला म्हणून आपले घर भक्कम आहे असे सिद्ध होत नाही.

मग वडिलांचे म्हणणे सर्वस्वी खोटे काय? तसेही नाही. सुरतेतील भाड्याच्या खोलीत रविवारी झोपून राहिले तर विचारणारा कोणी नसतो. त्यात बहिष्कार नाही, वाद नाही, पुस्तकही उघडावे लागत नाही. हे मात्र सोपे आहे. पण याला नास्तिकता म्हणणे आगरकरांना मान्य झाले नसते. ही बेफिकिरी होय. आणि हेच माप आपण स्वतःस लावले तर? शेजारी काय म्हणतील म्हणून मिस्साला जाणे, लग्नास अडचण नको म्हणून नाव पटावर ठेवणे, हेही तितकेच सोपे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात नास्तिकतेचा विचार केला, तेव्हा नास्तिकांवर केवळ दोष ठेवला नाही. श्रद्धेचे शिक्षण आणि आचरण यांत हयगय करून श्रद्धावंतच देवाचे खरे मुख झाकून टाकतात, आणि नास्तिकता वाढण्यात त्यांचाही वाटा थोडाथोडका नसतो, असे परिषदेने स्पष्ट म्हटले. घरातील जपमाळेच्या वेळी मुलाने प्रश्न विचारला आणि त्यास गप्प बसविले, तर तो वाटा आपल्या पदरी पडतो.

एका ठिकाणी नास्तिकाचे ओझे खरोखर हलके आहे, हे कबूल केले पाहिजे. लहान मुलाच्या शवपेटीपाशी उभे राहिलो की आईबाप आम्हांस विचारतात, "देवाने का नेले?" नास्तिकास हा प्रश्न पडत नाही. रोग होता, औषध लागू पडले नाही. दुःख तेवढेच, पण कोणावर रुसावयाचे कारण नाही. श्रद्धावंत मात्र ज्याच्यावर रुसतो त्याच्याच पुढे त्यास गुडघे टेकावे लागतात. आमच्या धर्मग्रामात एक बाप मुलगा गेल्यावर दोन वर्षे देवळात आला नाही. लोक त्यास नास्तिक म्हणू लागले. आम्हांस तसे कधी वाटले नाही. नसलेल्यावर कोणी इतके रागावत नाही.

संतांचीही यातून सुटका झाली नाही. लिझ्यूची संत तेरेजा कोवळ्या वयातच मठात गेलेली. खऱ्या अर्थाने देव न मानणारा मनुष्य असू शकतो, हे तिला पूर्वी पटतच नसे. १८९६ च्या पुनरुत्थान सणापासून तिच्या मनावर काळोख पसरला, स्वर्ग आहे की नाही याचीच शंका तिला छळू लागली, आणि श्रद्धाहीन माणसे खरोखर असतात हे तिला तेव्हा उमगले. त्यांना ती आपले बंधू समजू लागली. पुढच्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी, क्षयाने ती वारली. काळोख शेवटपर्यंत पुरता फिटला नाही.

मदर तेरेसांची गोष्ट तर आपल्याच काळातील. १९९७ मध्ये त्या निवर्तल्या, आणि २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले. कोलकात्याच्या गल्लीतून मरणोन्मुखांना उचलून आणणाऱ्या या स्त्रीस जवळजवळ पन्नास वर्षे देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेस बसत होत्या. ही पत्रे नष्ट करावीत असे त्यांनी आपल्या वरिष्ठांना विनविले होते. वरिष्ठांनी ती जपून ठेवली.