सात किलोचं हँडबॅगेज

शनिवारी पुणे-दिल्ली. मी आणि सात महिन्यांची चिऊ, दोघीच. नवरा थेट तिकडे एअरपोर्टवर भेटणार. दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी सीट नाही, मांडीवरच घ्यायचं; जन्मदाखला मात्र लागतो. तो पर्समध्ये गेला. तिचे दोन जोड, आणि हो, माझाही एक जादा टॉप! (टॅक्सीतल्या अनुभवातून आलेलं शहाणपण.)

खरी धास्ती कानांची. विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो, कानात दडे बसतात. बाळ दूध गिळत राहिलं की कान मोकळे होतात. म्हणजे निघताना पोटभर पाजायचं नाही, आणि उतरताना झोपली असेल तर चक्क उठवायचं! तेही भर विमानात, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून. ओढणी मोठी घेतलीय. खिडकीची सीटही मागून घेणार आहे.