ट्रेनी ट्रक ड्रायव्हरला मार्क देणारं मशीन, आणि मशीनला न कळणारा बोरघाट

खालापूर, खोपोली भागातल्या मुलाला ट्रकवर नोकरी धरायची असेल तर पूर्वी रस्ता ठरलेला होता. आधी क्लीनर म्हणून लागायचं, दोन-तीन वर्षं ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढायची, रिकाम्या गाडीवर हात बसवायचा आणि मग लायसन्स. आता बऱ्याच ट्रान्सपोर्ट कंपन्या बदलतायत. थेट ट्रेनी म्हणून भरती, गाडीत जीपीएस, केबिनमध्ये कॅमेरा, मोबाइलवर अ‍ॅप आणि महिनाअखेरीला एक स्कोअर. पर्मनंट करायचं की नाही, भत्ता किती द्यायचा, हे या आकड्यावरही ठरू शकतं. म्हणून तो बनतो कसा, ते बघूया.

आधी लायसन्स

ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वय किमान २० लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे सुरुवात छोट्या टेम्पोपासून करता येते. मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरमध्ये जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा असतो. पण ३८ तास आणि क्लीनर म्हणून काढलेली तीन वर्षं, यातला फरक कुठेतरी भरून काढावाच लागतो. कंपन्या तो स्कोअरने भरायला बघतायत.

स्कोअर म्हणजे काय?

गाडीतल्या डब्यात जीपीएस आणि अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. वेग एका ठरावीक मर्यादेपेक्षा झपकन कमी झाला की 'जोरात ब्रेक' अशी नोंद होते. इंजिनच्या कॉम्प्युटरकडून आरपीएम, डिझेल आणि गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू होतं, हे कळतं. या सगळ्याला कमी-जास्त वजन देऊन एक आकडा काढतात. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे सांगतो: ही वजनं कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलेली असतात. समोर अचानक रिक्षा आली म्हणून मारलेला ब्रेक आणि लक्ष नव्हतं म्हणून मारलेला ब्रेक, अ‍ॅक्सेलरोमीटरला दोन्ही सारखेच.

घाटात हिशोब उलटा होतो

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ट्रक साधारण ५०० मीटर खाली येतो. ४० टनांच्या भरलेल्या गाडीसाठी ही ऊर्जा ५० युनिट विजेपेक्षा जास्त भरते. ती कुठेतरी जायलाच हवी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराचसा भार इंजिन घेतं. न्यूट्रल मारलं तर जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात.

आता गंमत बघा. स्कोअरमध्ये 'आरपीएम कमी ठेवा, डिझेल वाचवा' याला जास्त मार्क असतील, तर नवीन मुलगा उतारावर काय करेल? न्यूट्रल! खरं तर त्याने डिझेलही वाचत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात उतारावर गाडी गिअरमध्ये असताना आणि अ‍ॅक्सेलरेटर सोडलेला असताना डिझेल पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

इलेक्ट्रिक ट्रक आले तरी घाट शिकावाच लागेल. त्यात मोटर उतारावर वीज बनवून बॅटरीत भरते. पण लोणावळ्यात बॅटरी फुल्ल करून निघालात तर ती वीज ठेवायला जागाच नसते, आणि भार पुन्हा ब्रेकवर.

रस्त्यालाही डोळे आहेत

एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून आयटीएमएस कॅमेरे आहेत. ते दोन ठिकाणांमधला वेळ मोजून सरासरी वेगही काढतात, त्यामुळे फक्त कॅमेऱ्यापुढे हळू होऊन उपयोग नाही. चलानचा मेसेज मात्र गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला जातो. ड्रायव्हरला कधी कळतं? बऱ्याचदा पैसे कापल्यावर.

डेटा तुमचा, हक्क कोणाचा?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. यात एक मेख आहे. नोकरीच्या कामासाठी मालक तुमचा डेटा संमतीशिवाय वापरू शकतो. आणि आपला डेटा बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क या कायद्याने प्रामुख्याने संमती देऊन दिलेल्या डेटापुरताच ठेवलाय. म्हणजे ज्या आकड्यावर नोकरी टिकते, तोच आकडा मागायला या कायद्याचा आधार कच्चा आहे. म्हणून जे काय मागायचं ते सही करायच्या आधीच मागा:

- स्कोअर कशाकशावर बनतो, आणि तो मला रोज दिसेल का?
- घाटातले आणि ट्रेनिंगचे दिवस वेगळे धरणार का?
- चुकीची नोंद झाली तर कोणाला सांगायचं, आणि कॅमेऱ्याचं फुटेज दाखवणार का?
- चलान कोण भरणार?
- दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा अ‍ॅप पाळतं का, की फक्त माझ्या चुका मोजतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गाडी किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, हे त्या डब्याला नेमकं माहीत असतं. ड्रायव्हर किती थकलाय याचा सगळ्यात साधा पुरावा कंपनीच्या सर्व्हरवर आधीच पडलेला आहे. तो दोन्ही बाजूंना दिसला, तर हे तंत्रज्ञान नवीन ड्रायव्हरच्याही कामाचं.