राखीव प्रत आणि नित्याची राखण

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली ग्रामस्थांच्या साहाय्याने बांधला. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. मातीचा बांध एकदा बांधून विसरता येत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. संगणकात साठविलेल्या दप्तराबाबत मात्र हाच धडा आमच्या संस्थांना अद्याप उमगलेला दिसत नाही.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली; पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. त्यानंतर फायली संगणकावर आणण्याच्या कामाला गती आली, हे योग्यच झाले. पण कागद जळतो तसा संगणकही जळतो. आणि समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तो न जळताही बंद पडतो. म्हणून कचेरीतील सर्व संगणकांवरील माहितीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, रोज रात्री नेटवर्कवरून एका सर्व्हरवर घेणारी व्यवस्था हवी. त्यासाठी मुक्त स्रोत प्रणाली उपलब्ध आहेत. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात जन्मलेली ‘अमांडा’ आणि कर्न सिबाल्ड यांनी २००० साली हाती घेतलेली ‘बाक्युला’ ही त्यांतली परिचित नावे. त्यांच्या मूळ आवृत्तीला परवाना शुल्क नाही. तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांना हा मोठाच आधार होय.

मात्र विनाशुल्क म्हणजे विनाखर्च नव्हे, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ येथे विसरला जातो. बाक्युलाचेच पाहा. आदेश देणारा एक भाग, प्रती साठविणारा दुसरा, प्रत्येक संगणकावर बसणारा तिसरा आणि कोणती फाइल कोठे आहे याची नोंदवही, असा हा चौघांचा संसार आहे. एखाद्या संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता बदलला, परवलीचा शब्द एकीकडे बदलून दुसरीकडे तसाच राहिला किंवा फायरवॉलने वाट अडविली, की त्या रात्रीची प्रत होत नाही. साठवणीची जागा संपली, तर काम माणसाची वाट पाहत थांबते. याहून घातक दोष निराळाच आहे. नवे फोल्डर यादीत घालावयाचे राहून जाते, आणि अहवाल मात्र ‘काम यशस्वी’ असाच येत राहतो!

हे केवळ खेड्यातल्या कचेरीत घडते असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या नामांकित कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. तेव्हा असे आढळले की, आवृत्ती न जुळल्यामुळे नित्याची राखीव प्रत निघतच नव्हती आणि तसे कळविणारे ई-पत्रही कोणाला पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी एक प्रत घेतलेली होती, म्हणून निभावले.

तात्पर्य एवढेच की, जी प्रत कधी परत उतरवून पाहिली नाही, ती प्रत आहे असे समजू नये. दर तीन महिन्यांनी काही फायली दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून पाहाव्यात व तशी नोंद ठेवावी. एक प्रत इमारतीबाहेर असावी. सर्व्हर शेजारच्याच खोलीत असेल तर आगीला दोन्ही सारखेच. नोंदवहीचीही प्रत घ्यावी. मुख्य म्हणजे हे काम ‘संगणकातले कळते’ म्हणून एखाद्या लिपिकाच्या वा प्राध्यापकाच्या माथी फुकट मारू नये. त्याचे तास कार्यभारात धरावेत, त्याला प्रशिक्षण द्यावे, आणि तो बदलून गेल्यास दुसऱ्याला समजेल असे टिपण कचेरीत ठेवावे.

यंत्रखरेदीला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, ही आपली जुनी खोड आहे. तिची किंमत संस्थेला नव्हे, तर गुणपत्रकाची दुसरी प्रत मागणाऱ्या विद्यार्थ्याला आणि सेवापुस्तकातील नोंदीसाठी निवृत्तीनंतर हेलपाटे घालणाऱ्या शिक्षकाला मोजावी लागते. ती मोजण्याची पाळी त्यांच्यावर का यावी?