आतून जागा!

पावसाळ्यातली शनिवारची कर्जत लोकल म्हणजे नुसती पिकनिक स्पेशल! आमचा सात जणांचा ग्रुप, प्रत्येकाच्या सॅकमध्ये रेनकोट आणि फरसाण, शिवाय माझ्याकडे सर्दीच्या गोळ्या. स्टेशनपासून रिक्षाने अर्ध्या तासावर मित्राच्या काकांचं फार्महाऊस. समोर भाताची खाचरं, मागे डोंगर, मोबाइलला रेंज नाही. और क्या चाहिए?

रात्री आम्ही जमिनीवर गाद्या टाकायला लागलो, तर तिथले केअरटेकर मामा धावतच आले. ‘‘ताई, खाली कुणी झोपायचं नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या.’’ मला वाटलं, डासांसाठी सांगतायत. पण कारण वेगळं होतं. मण्यार!

मामांचा पुतण्या खालापूर तालुक्यातला. दोन पावसाळ्यांपूर्वी असाच खाली झोपलेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. घरच्यांना वाटलं, जेवण बाधलं. मण्यारीचं हेच तर वाईट. रात्री येते, चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, ना सूज, ना धड खूण. उजाडेपर्यंत पोराच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, मग श्वास अडकायला लागला. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं अंग लुळं. विषावरची लस दिली, व्हेंटिलेटर लावला. डोळ्यावर टॉर्च मारला तरी काही हालचाल नाही. एक नातेवाईक तर त्याच्या उशाशी उभं राहून म्हणाला, ‘‘आता काही उरलं नाही. घरी नेऊ.’’

पाचव्या दिवशी बोट हललं. नळी निघाल्यावर पोराने पहिलं काय विचारावं? ‘‘मला घरी न्यायचं कोण म्हणत होतं?’’

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणजे तो सगळं ऐकत होता?

सोमवारी ऑफिसातून पहिला फोन डॉक्टर मैत्रिणीला केला. ती म्हणाली, ‘‘अगं, मण्यारीचं विष नसा आणि स्नायू जिथे जोडलेले असतात, तिथे हल्ला करतं. म्हणून पापण्या, जीभ, श्वासाचे स्नायू बंद पडतात. पण ते सहसा मेंदूत शिरत नाही. मध्ये भिंत असते ना!’’

या भिंतीचं नाव ब्लड-ब्रेन बॅरियर. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा म्हणा ना. १८८० च्या दशकात जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळं अंग रंगलं, मेंदू मात्र कोराच राहिला. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी उलटं केलं, रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं अंग कोरं!

ही भिंत कशाची? मेंदूतल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की विषातल्या प्रोटीनसारखे मोठे रेणू मधून जाऊच शकत नाहीत. आणि या रक्तवाहिन्यांना बाहेरून पाय पसरून वेढा घालतात त्या ॲस्ट्रोसाइट, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या पेशी. अस्तर घट्ट ठेवण्यात त्यांचा हात असतो, हे १९८७ मध्ये जॅन्झर आणि रॅफ यांनी दाखवून दिलं. गंमत म्हणजे या पेशींच्या खानदानाला १८५६ मध्ये नाव मिळालं ‘ग्लिया’, म्हणजे चक्क सरस! विचार करणाऱ्या पेशींना जागेवर चिकटवून ठेवणारा माल, एवढीच काय ती किंमत. आपल्या ऑफिसातला सपोर्ट स्टाफ आठवला ना? प्रेझेंटेशन दुसऱ्याचं, टाळ्याही दुसऱ्यालाच!

तुमची-माझीही या पहाऱ्याशी रोज गाठ पडते. सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी भिंत ओलांडते, म्हणून मीटिंगमध्ये पेंग येते. नव्या गोळ्या बऱ्याचशा बाहेरच अडतात. कॉफी आणि शुक्रवारची बिअर मात्र बिनधास्त आत!

पण भिंतीलाही मर्यादा आहे. ती विष अडवते, ऑक्सिजन आणून देत नाही. श्वास थांबला की मेंदूला मिनिटंच मिळतात. तिथून पुढचं काम माणसांचं. आपल्याच रायगडातल्या महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मण्यार आणि नागाच्या दंशावर खेड्यात उपचार कसे करायचे, ते २००४ मध्ये सविस्तर लिहिलं. लस, कृत्रिम श्वास आणि धीर, बस्स. मण्यारीने बिघडवलेली नसांची टोकं दुरुस्त व्हायला दिवस लागतात आणि तोवर कुणीतरी श्वास पुरवत राहावा लागतो.

तेव्हा मंडळी, या पावसाळ्यात कर्जत-खालापूरला जरूर जा. पण झोपायचं खाटेवर, मच्छरदाणी खोचून. रात्री बाहेर पडताना हातात टॉर्च. आणि कुणाला चावलंच, किंवा पहाटे उगाच पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर कापाकापी नको, घट्ट आवळणं नको, मांत्रिक तर नकोच नको. १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल.

आणि हो, तिथे खाटेशेजारी उभं राहून काय बोलतोय, तेवढं सांभाळा. पेशंट ऐकत असेल!