नियम त्यांचे, द्राक्षं आपली!

‘युरोपचे पर्यावरणाचे नियम म्हणजे आपला एक्सपोर्ट अडवायचा बहाणा’ असं मेसमध्ये नेहमी ऐकू येतं. मला हे अर्धंच पटतं.

2010 साली महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं संजीवक. तिकडची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं! माल इथे पास, तिथे नापास. फटका बसला बागायतदाराला. नंतर तपासणी सुरू झाली, द्राक्षं पुन्हा युरोपात जाऊ लागली. म्हणजे आपल्याला नियमाने नाही, बेसावधपणाने बुडवलं.

पण खर्चाचं काय? मोठा निर्यातदार तपासणीचे पैसे सहज भरतो, दोन एकरवाला कुठून आणणार? आमच्या बिलोलीकडे सोयाबीन पिकतं. जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन नको, असा कायदा युरोपने 2023 मध्ये केलाय. त्यात शेताचे अक्षांश-रेखांश मागितलेत. आपली शेतं पिढ्यान्‌पिढ्यांची, पण नुसता सातबारा तिथे कोण वाचणार?

इथेच आपलं काम आहे. स्वस्त टेस्टिंग किट, शेतांचे जीपीएस नकाशे... फायनल इयरला प्रोजेक्ट सुचत नाही म्हणणाऱ्यांनो, जरा गावाकडे बघा!